अकोल्याचा फळा कोण लिहितो

११ मार्च २०२५
मळा, रिद्धपूर रस्ता

खुशालराव यांस,

पत्र पाहून तुम्हाला वाटेल, दादा नमला. तसं काही नाही. एकच गोष्ट विचारायची आहे, ती विचारून पत्र बंद करतो. तुमच्या दुकानाचा फळा हल्ली कोण लिहितो?

हे तुम्ही-तुम्ही मला जमत नाही. तू म्हणूनच लिहितो. राग आला तर येऊ दे, तसाही चार वर्षांपासून आहेच.

तुला माहीत असेल, हर्षाने नागपूरहून मला फोन पाठवला आणि बापाला घरच्या ग्रुपवर टाकून दिलं. तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला तुझी सून प्राजक्ता तुमच्या फुलांच्या दुकानातल्या फळ्याचा फोटो टाकते. वर सुविचार, खिळ्याला मोगऱ्याचा गजरा. खाली सगळे हात जोडतात. मी जोडत नाही, पण वाचतो.

दिवाळीनंतर फळा बंद झाला. जानेवारी संपेपर्यंत एकही फोटो नाही. मला वाटलं मला ग्रुपमधून काढलं. हर्षा म्हणाली, नाही बाबा, तुम्ही आहात, तिकडूनच काही येत नाही. मग फेब्रुवारीत फळा सुरू झाला तो असा, की प्रत्येक सुविचार माझ्याच अंगावर. तीन लिहून देतो, तूच बघ.

‘उठता येत नसेल तर कूस बदला. तीही सुरुवातच आहे.’ गुडघ्यामुळे मी आता सहाला उठतो, चारला नाही, हे तुला कोणी सांगितलं?

‘जुनी सवय जाताना भांडते. भांडू द्या.’ मी संक्रांतीपासून तंबाखूचा खर्रा सोडायला बसलो आहे. ही गोष्ट घरात फक्त तुझ्या वहिनीला माहीत.

‘पकडलेलं सोडायला शिका, मग नवीन पकडता येईल.’ हा सरळ चाकूवर आहे. याचं उत्तर मी देणार नाही.

तरी देतो. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तू आठ दिवस मळा सांभाळलास. तू गेलास आणि बाबांचा कलमाचा चाकू दिसेना, म्हणून मी विचारलं. विचारणं म्हणजे आळ नव्हे. तुझ्या मनोजच्या साक्षगंधात, चार माणसांत विचारलं हे खरं. पण तू तरी काय म्हणालास? “चाकू सापडला का हातात घेऊन ये दादा. तवरोक माह्या दारात उभा राहू नको.” व्याह्यांसमोर. चाकू काही सापडला नाही. विहिरीवरचं मोटारघर, गोठा, कोठी, सगळं पाहून झालं. म्हणून मी येत नाही आणि येणारही नाही.

पण फळ्याचं सांग. तुझं अक्षर मला ओळखू येणार नाही असं समजू नकोस. शाळेत गुरुजी सुविचार तुझ्याकडूनच लिहून घेत. मी चौथीतून निघून पाणी द्यायला लागलो तरी दुपारी तुझी भाकर घेऊन यायचो, तेव्हा खिडकीतून तो फळा बघायचो. तुझी अक्षरं एका रेघेला टांगल्यासारखी असत. आता फळ्यावर दिसतात ती दारू पिऊन घरी निघालेली दिसतात.

पाकीट डिंकाने चिकटवून वरून दोऱ्याचा टाका मारला आहे. टाका तुटलेला असेल तर समज, तुझ्याआधी कोणी उघडलं.

चंद्रभान

२७ मार्च २०२५

खुशाल यास,

पत्राचं उत्तर तुझ्याकडून नाही, मनोजकडून आलं. फोनवर, चार ओळी. ‘मोठे बाबा, पत्र मिळालं. बाबा बरे आहेत. काळजी करू नका. बाबा बरे आहेत.’ एकाच निरोपात दोनदा बरे. मी काळजी करतो असं कुठे लिहिलं होतं?

त्यानंतर मी चार वेळा फोन लावला. रागात माणूस फोन लावत नाही, तरी लावला, ही माझी चूक धर. पहिल्यांदा प्राजक्ता म्हणाली, बाबा झोपले आहेत. दुसऱ्यांदा, अंघोळीला गेले. तिसऱ्यांदा देवळात, चौथ्यांदा परत अंघोळीला. अकोल्यात ऊन कडक असतं, पण माणूस सकाळी नऊलाही अंघोळीत आणि संध्याकाळी सहालाही?

तुझ्या वहिनीला हे सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “तुमाले सारा जग तुमच्यावरच फळा लिवते असं वाटते. अकोल्यात दुसरे मानसं रायत नाई का?”

“मग फोनवर काहून येत नाही तो?” मी म्हटलं.

“तुमी त्याले चोर म्हटलं म्हणून.”

“चोर नाही म्हटलं. विचारलं.”

“हो. कोतवालही इचारतेच.”

तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. वच्छलाचा तुझ्यावर आधीपासून जीव आहे. पण मी तिला एक गोष्ट दाखवली आणि तिचा हात थांबला. ती तुलाही सांगतो.

फळ्यावरचा गजरा. मी दोन बोटांनी फोटो मोठा करून पाहिला. खुशाल, तो गजरा उलटा आहे. आपल्या घरी दोऱ्याचा वळसा उजवीकडून पडतो, कळ्यांची देठं डावीकडे कलतात. बाबांनी तसं शिकवलं, आपण तसं बांधलं, आपल्या पोरीही तसंच बांधतात. त्या फोटोत देठं उजवीकडे कलली आहेत, एका गजऱ्यात नाही, रोज. माझ्या डोळ्यात आता नवीन भिंग आहे, मला नीट दिसतं.

म्हणजे तुझ्या दुकानात गजरा बांधणारा माणूस आपला नाही. फळा लिहिणारा माणूसही आपला नाही. मग तू कुठे आहेस?

मनोज चांगला मुलगा आहे, मी त्याला खांद्यावर घेऊन फिरलो. पण दुकान भर रस्त्यावरचं, मोलाचं आहे, आणि चांगल्या मुलांच्या मनात काय येईल ते सांगता येत नाही. तुला कुठे ठेवलं असेल, आणि मला कळू नये म्हणून रोज फळा रंगवला जात असेल, तर?

म्हणून एक प्रश्न देतो. आपण दोघांनी लहानपणी विहिरीत काय टाकलं होतं, जे बाबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही? उत्तर फळ्यावर लिही. मनोजला ते माहीत असायचं कारण नाही.

टाका या वेळी दुहेरी मारला आहे.

दादा

१६ एप्रिल २०२५

चि. खुशाल,

पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. वर सुविचार, आणि खाली कोपऱ्यात, खडू मोडेल इतका दाबून, ‘मास्तरांची छडी’. ग्रुपवर सगळ्यांनी विचारलं, हे काय? हर्षाने हसणारी तोंडं टाकली. मी फोन घेऊन मोगऱ्याच्या वाफ्यात गेलो आणि तिथे थोडा वेळ बसलो.

म्हणजे तू आहेस. एवढं कळलं. रात्री झोप लागली.

सकाळी उठलो तर वाटलं, उत्तर तुझ्याकडून विचारूनही घेता येतं. लिहिणारा दुसराच असेल. आणि तू आहेस तर फोनवर का येत नाहीस? त्याच छडीच्या वर सुविचार काय होता, ते तुला आठवत असेल. ‘बोलणं बंद झालं तरी हात चालू ठेवा.’ बोलणं बंद झालं. हे कोणावर आहे, मी मूर्ख नाही. बोलणं तू बंद केलंस, मी नाही. मी तर चार फोन लावले.

आता शेखरचं ऐक. फुलांचा टेम्पो घेऊन तो अमरावतीहून आठवड्यातून दोनदा अकोल्याला जातो. त्याला म्हटलं, तुझ्या गाडीला तेवढंच वळण, खुशालच्या दुकानासमोरून जा आणि नुसतं बघून ये. तो बघून आला.

“गल्ल्यावर मनोज होता,” म्हणाला. “काका नाई दिसले. म्या इचारलं तं सूनबाई म्हणाली घरी हायेत. पन दुकानाची पायरी फोडली जी.”

“पायरी?”

“समोरची दगडाची. आता थ्या जागी सिमेंटचा उतार हाय. फटफटी सरळ आत जाईन असा.”

ती पायरी बाबांनी अचलपूरहून दगड आणून बसवली. बाबा गेले त्या वर्षी तू त्या पायरीवर बसून माझी वाट पाहत होतास. पोराने गाडी आत घालायला ती फोडली आणि तू काही बोलला नाहीस? की तुला विचारलंच नाही?

खुशाल, मी तुला साफ विचारतो. तुझ्यावर जबरदस्ती आहे का? असेल तर फळ्यावर काही लिहू नकोस, तो त्यांच्या हातात आहे. एक दिवस खिळ्यावर गजरा नको लावूस. मी समजेन. मी येईन.

येईन असं लिहिलं खरं. तू चाकूशिवाय दारात उभं राहू नको म्हणाला होतास. चाकू सापडला आहे असं समज आणि त्या दिवशी मला आत घे, एवढंच म्हणतो.

खर्रा सुटला नाही. दिवसाला दोनावर आला आहे. तुझ्या फळ्यामुळे नाही.

दादा

१ मे २०२५

खुशाल,

गजरा एकही दिवस चुकला नाही. मी रोज खिळा बघत होतो.

काल अक्षय तृतीयेला प्राजक्ताने गजऱ्याचा जवळून फोटो टाकला. सणाचा म्हणून मोठा, फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी मोठा करून कळ्या मोजल्या. चार जोड्या, मग दुहेरी वळसा. चार जोड्या, मग दुहेरी वळसा. टोकापर्यंत तसंच.

ती बाबांची गाठ आहे. गजरा मधून तोडला तरी कळ्या सुटू नयेत म्हणून ते घालत. आपल्या पोरींना ती शिकवली नाही, वेळ जातो म्हणून. ती गाठ जगात दोनच माणसांना येते, एक तू, एक मी.

मग ती उलटी कशी?

मी दुपारी ओसरीवर बसलो. शंभर कळ्या घेतल्या, दोरा घेतला. उजव्या हाताने बांधला, तर आपला नेहमीचा. दोरा फिरवून पाहिला, बसायची दिशा बदलून पाहिली, कळ्या पालथ्या धरून पाहिल्या. देठं डावीकडेच कलतात. तुझी वहिनी दारातून बघत होती. म्हणाली, “आता या वयात काय नवीन काढून राहिले?”

मग मी उजवा हात पाठीमागे घेतला. दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवला, बाबा अंधारात बांधायचे तसा, आणि एका डाव्या हाताने बांधायला घेतलं. वळसा द्यायला दात लावावे लागले. चार जोड्यांना अर्धा तास गेला, घामाने दोरा भिजला. पण देठं उजवीकडे कलली. थेट तुझ्या फोटोतल्यासारखी.

तुझ्या वहिनीने माझ्याकडे पाहिलं, पाठीमागे घेतलेल्या हाताकडे पाहिलं आणि खाली बसली. 

मग मी चष्मा लावून फेब्रुवारीपासूनचे सगळे फळे परत वाचले. कूस बदला. हात चालू ठेवा. बोलणं बंद झालं तरी. सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला अंघोळ. सिमेंटचा उतार. तो फटफटीसाठी नव्हे, चाकाच्या खुर्चीसाठी आहे. दिवाळीनंतर तुला लकव्याचा झटका आला आणि मला कोणी सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, ते मी विचारत नाही.

आता माझं. चाकू सापडला आहे असं समज, असं मी गेल्या पत्रात लिहिलं. समजायचं काही नाही. चाकू दोन वर्षांपूर्वी सापडला. मोटारघराच्या आढ्यावर, माझ्याच जुन्या सदऱ्याच्या चिंधीत, तेल लावून गुंडाळलेला. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी मीच ठेवला होता, गंज चढू नये म्हणून. सापडला त्या दिवशी मी तो तिथेच परत ठेवला आणि खाली उतरलो. वच्छलाला सांगितलं नाही. मग दर चार-आठ दिवसांनी मोटारघरात जाऊन तो आहे का ते बघत होतो. ती विचारायची, “मोटार तं चालू हाय, मंग आतमंदी काय करता?” मी म्हणायचो, आवाज येतो.

दोन वर्षं. दोन वर्षांपूर्वी तू दोन पायांवर चालत होतास आणि बोलत होतास. मी तेव्हा आलो असतो तर तू मला शिव्या दिल्या असत्या, आणि मी ऐकल्या असत्या.

सोमवारी पहिल्या एसटीने निघतो. चाकू हातात असेल. दार उघडायचं की नाही ते तू ठरव.

या पाकिटाला टाका नाही.

तुझा दादा

९ मे २०२५

खुशाल,

काल संध्याकाळी सुखरूप पोचलो. मूर्तिजापूरला एसटी पाऊण तास उभी होती. तुझ्या वहिनीने दारातच विचारलं, “बोलला का?” मी म्हटलं, हसला, अर्ध्या तोंडाने. ती म्हणाली, “अर्ध्या तोंडानं तो आदीपासूनच हासे.” मग आत जाऊन रडली.

तीन दिवस समोरासमोर बसलो आणि जे बोलायचं ते राहिलंच, म्हणून लिहितो. लिहायला आता मला बरं वाटतं.

तू मालिश करून घेत होतास तेव्हा प्राजक्ताने मला आत बोलावलं. तुला माहीत असावं म्हणून सांगतो, तिचा दोष नाही. मी तिला म्हटलं, सूनबाई, मला एका शब्दाने कळवायचं होतं. तिने कपाटातून तुझी पाटी काढली. दवाखान्यातून आल्यावर तू डाव्या हाताने पहिल्यांदा जे लिहिलं ते तिने पुसलं नाही, वरून प्लास्टिक लावून ठेवलं. मला वाटलं बायकोचं नाव असेल, देवाचं असेल. त्यावर होतं, ‘दादाले सांगू नका. म्हणन, सोंग करून राहिला.’

ती म्हणाली, “मोठे बाबा, आम्ही किती वेळा म्हटलं, सांगू या. बाबा पाटी उचलून दाखवायचे.”

मी तिला विचारलं, माझी पत्रं? टाका तोडलेला होता का? ती म्हणाली, तोडावाच लागला, एका हाताने बाबांना तुटत नव्हता, मी कात्रीने कापून द्यायची आणि बाहेर जायची. ते एकटेच वाचायचे. पहिल्या पत्राला हसले होते. कोणत्या ओळीला ते तिला माहीत नाही. बहुतेक दारू पिऊन घरी निघालेल्या अक्षरांना. तसं असेल तर मला माफ कर.

सुविचारांचंही तिने सांगितलं. कसरत करवून घ्यायला जी मुलगी येते, तिने तुला रोज एक ओळ लिहायला लावली, एकाच वेळी, न चुकता. कॅलेंडरची पानं तुला आवडली नाहीत म्हणून तू आपल्याच ओळी केल्यास. ज्या दिवशी पहिल्यांदा बिछान्यात कूस वळता आली, त्या दिवशी कूस. ज्या दिवशी उजवी मूठ उघडून तिच्यातला चेंडू खाली पडला, त्या दिवशी ‘पकडलेलं सोडायला शिका’. मी त्याला चाकू समजलो. तुझा हात उघडला होता, आणि मी आठ दिवस तुझ्यावर दात खात होतो.

पण एक गोष्ट राहिली. बुधवारी दुपारी आपण दोघेच होतो तेव्हा मी विचारलं, खरं सांग, त्यातला एकही माझ्यावर नव्हता? तू बराच वेळ माझ्याकडे पाहिलंस आणि डाव्या हाताचं एक बोट वर केलंस. एक. कोणता, विचारलं, तर तू डोळे मिटून घेतलेस. झोपला नव्हतास. मला माहीत आहे तू झोपतोस तेव्हा कसा दिसतोस.

एसटीत बसून मी सगळे परत वाचले. कूस तुझी, मूठ तुझी, बोलणं तुझं. खर्ऱ्याचं तुला कळायचं कारण नाही, पण वच्छला हर्षाशी बोलते आणि हर्षा प्राजक्ताशी, म्हणजे तोही असू शकतो. ‘काल जमलं नाही हे आजचं कारण होऊ शकत नाही,’ हाही असू शकतो, तो मला दोन वर्षांआधी वाचायला मिळाला असता तर. तू मुद्दाम केलंस हे. आता मी रोज साडेसातला फळा उघडणार आणि रोज शोधणार, आणि तू तिकडे अर्ध्या तोंडाने हसणार.

सोमवारी मी नव्या उतारावर उभा होतो आणि मनोज म्हणाला, मोठे बाबा, आत या ना, तेव्हा मी हललो नाही, हे तू खुर्चीतून पाहिलंस. मी वाट पाहत होतो. तू डावा हात पुढे केलास. मी चाकू त्यावर ठेवला. तू तो उलटा-सुलटा करून पाहिलास, धार अंगठ्यावर पाहिलीस, आणि अर्धवट राहिलेल्या गजऱ्याचा दोरा त्याने कापलास. मग तो खिशात घातलास. माझ्याकडे परत दिला नाहीस. मीही मागितला नाही.

काल गावात शिरताना खुशालराव सरपंचांच्या ओट्यावर माणसं बसली होती. तुझ्या नावाचे म्हणून ते तुझी नेहमी चौकशी करतात. त्यांनी विचारलं, “काय चंद्रभानजी, बापाचा चाकू लागला का हाती?”

मी म्हटलं, खुशालजवळ आहे. आता खरंच त्यानेच नेला.

दादा